वहिनींना आता विश्रांती

हॅलो?

हॅलो… कोण?… जरा मोठ्यानं बोला हो, इथं कपबश्या धुतायत… हो, मीच. कुरामोचींची बायकोच बोलतेय. आपण?

अगं, मित्सुए तू? आवाज असा काय येतोय तुझा… नंबर बदललास? आणि सख्ख्या बहिणीला कळवायचं नाही का?… बरं बरं.

नाही हो किनुसान, पेपरवाले नाहीत. माझी धाकटी बहीण, सेंदाईची. तुमचं चालू द्या… आणि तो थर्मास तिकडं नको, अध्यक्षांच्या पुढं ठेवा. त्यांच्यापुढचा चहा संपला की ते भाषणाला उठतात.

हं, बोल… सभाघरातच आहे मी, मागं चुलीपाशी… झाली ना सभा. झाली म्हणजे, अजून सगळं गाव चटयांवर पसरलंय. आपापले डबे सोडून बसलेत… वेडी का तू? आपण कसं जेवण देणार? निवडणुकीच्या तोंडावर चहाशिवाय काही द्यायचं नाही, मुळ्याच्या लोणच्याची फोड दिली तरी गुन्हा. मतदारानं डबा घरून आणायचा आणि आपण फक्त तोंडभरून आभार मानायचे. तेवढे चालतात कायद्याला.

कळलं तुला?… टीव्हीवर? इतक्यात?… काय म्हणाले?… 'कुरामोची तेइजी बाराव्यांदा रिंगणात'… हं. बरोबर आहे. रंगवला बाहुल्याचा डोळा.

हो ना… हो ना गं… काय करणार, जनतेची इच्छा. जनतेपुढं आपण कोण… आपली काय, सवय आहे आपल्याला. इतकी वर्षं गेली तशी आणखी थोडी.

नाही, रडत नाहीय. सर्दी झालीय… अगं, इथं सगळ्या जणी हेच म्हणतायत. किनुसान तर माझे दोन्ही हात धरून रडल्या. 'वहिनींना आता विश्रांती मिळेल असं वाटलं होतं हो, देवानं हिरावली.' मी त्यांना पाणी दिलं. म्हटलं, पाणी देणं गुन्हा नसावा.

काय सांगायचंय?… अगं, सांग ना… थांब, इथं काही ऐकू येत नाही. मी मागच्या खोलीत जाते… किनुसान, मी आलेच हं. बहीण फार हळवी आहे, तिला धीर देते जरा.

…

हं. आता बोल. नाही, आता आधी मी बोलते. इथं बसायच्या गाद्यांची चळत आहे आणि मी आहे, दार लावून घेतलंय… सांगशील गं, तुझंही ऐकते. पण माझं पोट फुगलंय सकाळपासून. कुणाला सांगणार नाहीस ना?… तुझ्या नवऱ्याला, गेनझोलाही नाही. शपथ घे… आईची नको, ती गेलीय. तुझ्या सांधेदुखीची घे.

तो डोळा त्यांनी रंगवला नाही. मी रंगवून घेतला.

…

हॅलो? पडलीस की काय?

अगं, ऐक ना. परवा संसद विसर्जित झाली, बघितलंस ना टीव्हीवर? सभापतींनी वाचून दाखवलं, आणि सगळ्यांनी हात वर करून 'बान्झाई' म्हणून आरोळी ठोकली. नोकरी गेली की आनंदानं ओरडणारी जमात जगात ही एकच. त्याच संध्याकाळी ह्यांचा फोन. म्हणाले, 'तोमोए, आता पुरे. या वेळी उभा राहत नाही. रविवारी सभाघरात लोकांना सांगतो. उरलेले दिवस तुझ्याबरोबर घालवायचे.'

काय वाटलं म्हणजे? म्हटलं, अरे देवा, आता हे रोज घरी!

हसू नको… तुला काय, तुझा नवरा रोज संध्याकाळी घरी येतो, तुला सवय आहे. माझं लग्न म्हणजे शुक्रवारची रात्र ते सोमवारची पहाट. आणि त्यातही माझा नवरा कुठला? मतदारसंघाचा. शनिवारी दोन लग्नं आणि एक मयत, रविवारी शाळेची शर्यत, देवळाची जत्रा, कुणाच्या तरी आजोबांचा अठ्ठ्याऐंशीवा वाढदिवस. सोमवारी पहाटे गाडीत बसवलं की मी घरी यायचे, पाय पसरायचे आणि म्हणायचे, चला, आता चार दिवस आपले. गाण्याचा वर्ग, लोणच्याच्या मुळ्यांना धूर देणं, बायकांबरोबर गरम पाण्याच्या कुंडावर जाणं. नवरा टोकियोत सुखी, मी हिनोसावात सुखी. जग म्हणायचं, काय त्या माउलीचा त्याग.

ऑगस्टमध्ये गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा पाच आठवडे होते की घरी. तेव्हा तू आली होतीस दोन दिवस, तुझ्यासमोर शहाण्यासारखे वागले. नंतर बघायचं होतंस. सकाळी न्याहारीला बसले की विचारायचे, 'आजच्या कामकाजात काय काय आहे?' मी म्हणायचे, भांडी आहेत. म्हणायचे, 'त्यावर आपण सकारात्मक विचार करू.' इतकं बोलायचे न् पेपर उघडायचे. संध्याकाळपर्यंत भांडी विचाराधीनच.

अगं, खरंच… आणि एकदा काय झालं, मी सूप दिलं. घोटभर घेतलं, वाटी खाली ठेवली, माझे दोन्ही हात हातात घेतले. तुला माहितीय ना ते, मतदाराचे घेतात तसे, खालून एक वरून एक. म्हणाले, 'फार छान झालंय हो. आपण कुठल्या वॉर्डातल्या?'

मी तर हसले. म्हटलं, माहेर सारुकावा, आता आपल्याच घरी असते. तर म्हणतात, 'अरे वा, सारुकावा. तिकडचा बोगदा आम्हीच केला.'

…

मित्सुए? हसली नाहीस… बरं, ऐक पुढं.

सांगशील गं, किती घाई. संपवू दे मला.

मग मी काय केलं, काल सकाळी ओनोदेरासानांकडे गेले. अगं, आमच्या समर्थक मंडळाचे अध्यक्ष, लाकडाची वखार त्यांची. ह्यांच्याहून मोठे आहेत, पण निवडणूक म्हटलं की पोरासारखे नाचतात. त्यांना आतलं काही बोलले नाही. एवढंच म्हटलं, उद्या साहेब बोलायला उठतील. मधेच थांबून त्यांचं ते नेहमीचं, 'आज मी तुम्हाला एक गोष्ट सांगणार आहे' असं म्हणाले, की तुम्ही दारुमा आणा. ते खूश. त्यांनी कधीच आणून ठेवला होता तो नवसाचा बाहुला, लालभडक, पोराएवढा उंच, डोळे कोरे. एक डोळा उभं राहताना रंगवायचा, दुसरा निवडून आल्यावर, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. एकदा डोळा रंगवला की मग माघार नाही. अर्ध्या डोळ्याचा दारुमा टाकून पळालेला माणूस आपल्या जिल्ह्यात तरी कुणी बघितलेला नाही.

तर आज सकाळी हे उठले. तेच आपलं नेहमीचं, या हिनोसावाच्या मातीत, या बर्फात, तुमच्या पायाशी वगैरे. मग थांबले. म्हणाले, 'आज मी तुम्हाला एक गोष्ट सांगणार आहे.' पडदा सरकला. चौघांनी दारुमा आणून पुढ्यात ठेवला. टाळ्या. आणि मी, जशी अकरा वेळा उभी राहिले तशी डावीकडून पुढं झाले, कुंचला शाईत बुडवला आणि त्यांच्या हातात दिला.

काही बोलले नाही गं मी. बोलायची गरजच पडली नाही. त्यांचा हात आपोआप उठला. सवय ती. बैलाला मोटेची सवय असते तशी. दारुमा दिसला, कुंचला हातात आला, टाळ्या ऐकू आल्या, हातानं डोळा काढला. तोंड अजून उघडंच होतं, पुढचं वाक्य तोंडातच राहिलं.

…

हो, मला ठाऊक आहे, वाईट केलं. वाईटच केलं. पण मजा ऐक, डोळासुद्धा उलटा रंगवला. आधी दारुमाचा डावा काढायचा ना, ह्यांनी उजवा काढला. पुढच्या रांगेत कुजबुज सुरू झाली. मग ओनोदेरासान उठले आणि म्हणाले, 'साहेबांनी या वेळी नवी प्रथा पाडली. देशाला बदल हवा आहे, तो इथूनच सुरू.' कोपऱ्यातला पेपरवाला ते लिहून घेत होता गं, मान खाली घालून. उद्या अग्रलेख येईल बघ, उजव्या डोळ्याचं राजकारण म्हणून.

तू का हसत नाहीयेस?

बरं, मजा राहू दे. तुला खरं सांगू? तुला म्हणून सांगते. नुसता नवरा घरी बसेल याची भीती नाही मला. तेवढी काय, दोन महिन्यांत वळण लावलं असतं.

ते थांबले की मी पण थांबले गं. ते कुणाच्या ध्यानातच येत नाहीय. सगळ्या म्हणतात, वहिनींना विश्रांती. अगं, मी काय करू विश्रांती घेऊन? इतकी वर्षं मी त्यांच्या डाव्या खांद्यामागं उभी आहे. समोरून माणूस आला की कानात सांगायचं: ओयामादा, गिरणीवाले, सून बाळंत झाली, मुलगी. की हे लगेच, 'ओयामादासान, नात कशी आहे?' तो माणूस घरी जाऊन सांगतो, काय स्मरणशक्ती साहेबांची, देवमाणूस. एवढ्या डोंगरातल्या एवढ्या घरांची सगळी माणसं माझ्या डोक्यात आहेत. कोण कुणाशी बोलत नाही, कुणाचा मुलगा टोकियोत काय करतो असं घरचे सांगतात आणि खरं काय करतो. हे एकदाच उपमंत्री झाले, मासेमारीचे, तेही वर्षभर पुरे नाही. मंत्री तर कधी झालेच नाहीत. आठवतं, त्या वर्षी शपथविधीचा शेपटीचा कोट घालून पंतप्रधानांच्या फोनची वाट बघत बसले होते दिवसभर, आणि संध्याकाळी फोन वाजला तो टोफूवाल्याचा. तरी अकरा वेळा निवडून आले. कशावर? बोगद्यावर? बोगदा एकदाच होतो. माणसाला नावानं हाक मारली, की तो दर वेळी मत देतो.

ती हाक माझी होती. कुणाला सांगायचं नव्हतं मला. टाळ्या त्यांना, ते ठीकच. पण ते थांबले की उद्यापासून मी कोण? बाजारात मुळे आणायला आलेली एक म्हातारी. सगळ्यांची नावं माहीत असलेली आणि कुणाला सांगायची नाहीत अशी.

म्हणून दिला कुंचला. झालं. आता बोल, शिव्या दे.

…

गेनझोचं काय मध्येच?… हो, एप्रिलमध्ये गेले होते ना दोघं मासे धरायला. एकही मासा आणला नाही… हं… हं… ह्यांनी सांगितलं? गेनझोला?… काय?

…

पुन्हा सांग.

…

कुठल्या डॉक्टरकडे?… टोकियोत… एकटेच गेले?… गुडघ्यासाठी नाही?… मग ऑगस्टात… अच्छा, त्याच्या आधीच… हं… हं.

…

आहे. आहे मी. ऐकतेय.

सुरुवात म्हणजे काय? सुरुवात म्हणजे किती?… डॉक्टर कधीच सांगत नाहीत, ठाऊक आहे मला… अगं, पण काहीतरीच. त्यांना नावं कधी आठवत होती? पहिल्यापासून आठवत नव्हती. लग्नानंतर वर्षभर तुला ते मित्सुको म्हणत होते. आठवायचं काम माझं, म्हणून तर मी… म्हणून तर मला…

…

म्हणून मला कळलंच नाही.

थांब. काही बोलू नको जरा.

…

मित्सुए, वसंतात आपण सगळ्या बायका टोकियोला गेलो होतो ना, संसद बघायला. ह्यांचं ते तैलचित्र आठवतं, खासदारकीची पंचवीस वर्षं झाली म्हणून समितीच्या खोलीत लावलंय ते? हे त्याच्यापुढं उभे राहिले आणि म्हणाले, 'या गृहस्थांना मी कुठंतरी भेटलोय.' आपण किती हसलो. किनुसानांना ठसका लागला. तू तर बसमध्येसुद्धा तेच सांगत होतीस सगळ्यांना.

ते विचारत होते गं. आणि मी मागं उभी होते, आणि मी सांगितलं नाही. मला काय वाटलं, चेष्टा करतायत.

आणि ते सूप… आपण कुठल्या वॉर्डातल्या… नाही, नको. नको बोलू त्यावर.

गेनझोला काय म्हणाले ते सांग. जसंच्या तसं सांग, गाळू नको काही… हं… 'तोमोएला सांगू नको'… हं… 'भर संसदेत उभा राहून भलतंच बोललो तर लोक मला नाही, तिला हसतील'… असं म्हणाले?… 'त्याच्या आधी थांबतो'… हं… 'मला ती ओळखू येतेय तोवर घरी राहायचंय.'

…

मग एप्रिलपासून तू का बोलली नाहीस?… काल रात्री कळलं? तुलाही?… गेनझोनं टीव्हीवर बातमी बघून?… नाही, आज बघितली. काल रात्री तू… बरं, आज सकाळी. गोंधळ झाला माझा. म्हणजे बातमी आली, तुझा नवरा रडायला लागला आणि मग तू त्याच्याकडून काढून घेतलंस. आणि मला लगेच फोन केलास, आणि मी तुला बोलूच दिलं नाही. दारुमाची गंमत सांगत बसले.

मला फार वाईट वाटतंय गं. उरलेले दिवस म्हणाले होते. मला वाटलं, उरलेले म्हणजे सगळे. ते मोजून म्हणाले होते, आणि मी त्यांच्या हातात कुंचला दिला.

कोण?… नाही, दार वाजतंय. थांब, फोन ठेवू नको, धरून राहा.

या. या, ओनोदेरासान… नाही, काही नाही, सर्दी आहे… बहीण आहे फोनवर. बरं झालं आलात, मीच येणार होते तुमच्याकडे. दार लावा. बसा, या गाद्यांवरच बसा.

साहेबांना या वेळी उभं राहता येणार नाही… चेष्टा नाही करत. आजारी आहेत… गुडघा नाही. विसरतायत… नाही, चष्मा विसरणं निराळं. माणसं विसरतायत. डॉक्टरांनी सांगितलंय… हो, रंगवलाय डोळा, ठाऊक आहे मला. मीच कुंचला दिला. चूक माझी, त्यांची नाही. पाया पडू का तुमच्या? पडते.

…

काय म्हणालात?

मित्सुए, ऐकलंस? ऐकू आलं तुला? म्हणतायत, 'एवढंच ना? मी घाबरलो, म्हटलं काळीजबिळीज तर नाही.'

म्हणतायत, आठवायला लागतंय कशाला? संसदेत लिहिलेलं वाचायचं, पक्ष सांगेल तेव्हा उभं राहायचं. प्रचाराच्या गाडीत पांढरे हातमोजे घालून हात हलवायचा. नाव तर गाडीतली मुलगीच घेते कर्ण्यावरून, कुरामोची, कुरामोची, दिवसभर. साहेबांना स्वतःचं नाव विसरायची सोयच नाही.

आणि? पुढं बोला, ओनोदेरासान, बोला… 'आठवण वहिनींची, चेहरा साहेबांचा. अकरा वेळा चाललंच ना. बारावी वेळ निराळी कशी?'

…

तुम्हाला ठाऊक होतं?… सगळ्यांना? ओयामादांना पण?… किनुसानांना?… पहिल्या निवडणुकीपासून.

अगं, ह्यांना ठाऊक होतं, मित्सुए. सगळ्या हिनोसावाला ठाऊक होतं. म्हणतायत, 'वहिनी कानात सांगतात म्हणून तर आम्ही येतो. साहेबांना कुठं काय माहीत असतं.' तोंडभरून कौतुक करतायत माझं. आणि ते करता करता म्हणतायत, आणखी चार वर्षं त्यांना असंच पुढं उभं करू.

खोटं नाही बोलत, क्षणभर पटलं मला. हेच तर हवं होतं. सगळ्यांना ठाऊक आहे, तोमोए कोण ते. आणि चाललंही असतं गं. हा देश थांबला नसता, कुणाला पत्ताही लागला नसता. तेच तर भयंकर आहे.

नाही, ओनोदेरासान… नाही म्हणतेय मी. माझं ऐका. त्यांना घरी राहायचंय… पक्षाला काय सांगायचं ते मी सांगते. तिकीट कुणाला द्यायचं त्यावरून तुम्ही लढा, तुम्हाला आवडतं लढायला… मी? मी कशाला उभी राहू? सगळ्यांची गुपितं ठाऊक असलेल्या बाईला संसदेत पाठवू नका. तुम्हीच पस्तावाल.

थांबा… एक मिनिट. ते काय वाजतंय?

माइक कुणी दिला त्यांना?… नाही, मी नाही सांगितलं. मित्सुए, हे बोलायला उभे राहिलेत. हे बघ, मी दार उघडते, ऐकू येतंय का?… 'या हिनोसावाच्या मातीत, या बर्फात'… सकाळचंच भाषण आहे गं. पहिल्यापासून. शब्दन् शब्द तोच. सकाळी एकदा केलं, ते त्यांच्या लक्षातच नाही.

दिसतायत ना. माझ्याकडे पाठ आहे. लोक डबे बाजूला ठेवतायत. माना डोलावतायत… काही जण एकमेकांकडे बघतायत. टाळ्या ऐकू आल्या तुला? तिथंच वाजवल्या, सकाळच्याच ठिकाणी. दारुमा तिथंच पुढ्यात बसलाय, एका डोळ्यानं बघत.

'तुमच्या पायाशी'… आलं. आता येणार ते वाक्य.

ओनोदेरासान, कुठं निघालात?… नाही. बसा… मी दारातून हलणार नाही. मला ढकलणार आहात का तुम्ही? या वयात? दोघंही पडू… शू. बोलू द्या त्यांना.

'आज मी तुम्हाला एक गोष्ट सांगणार आहे.'

…

शू, मित्सुए. तू पण.

…

थांबलेत. इकडंतिकडं बघतायत. कुणी काही आणत नाहीय, कुणी हातात काही देत नाहीय. त्यांना कळत नाहीय पुढं काय करायचं… मी नाही जात. नाही. ते त्यांचं वाक्य आहे, त्यांनाच सापडू दे.

…

सापडलं.

…

बोलतायत गं. हळू बोलतायत, माइकपासून लांब. मला पण अर्धंच ऐकू येतंय. 'या वेळी मी उभा राहत नाही'… म्हणाले. 'मला माझ्या बायकोबरोबर'… हं… 'फार नाही, थोडं'… पुढचं नाही कळलं मला. मी त्यांचं भाषण कधी ऐकलंच नाही, मित्सुए. मी नेहमी समोरची माणसं बघत असायचे, पुढचा कोण येतो ते.

झालं. वाकले. खूप खाली वाकलेत, गुडघा दुखत असेल.

…

नाही, कुणी नाही वाजवत. सगळे तसेच बसलेत, दारुमाकडे बघत. ह्यांच्याकडे कुणी बघत नाहीय. किनुसान कपबशी हातात धरून उभ्या आहेत चुलीपाशी. ओनोदेरासान इथं गादीवर बसलेत, डोकं धरून. आणि हे अजून वाकलेलेच आहेत गं, टाळ्यांची वाट बघत. टाळ्या आल्याशिवाय वर कसं व्हायचं ते त्यांना ठाऊकच नाही.

मित्सुए, ठेवते मी. नाही, नंतर बोलू. टाळ्या वाजवायच्यात मला, फोन धरून एका हातानं येत नाहीत.